अडीच वाव पाणी

त्या बोटीवर मला बोलावलं ते माझ्या वजनासाठी. खोटं कशाला सांगू? स्वयंपाक मी बरा करते, जीभही तिखट आहे, पण बोटीला या दोन्हींचा काही उपयोग नव्हता. तिला डाव्या अंगाला भार हवा होता आणि माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्यांसमोर पहिली मीच आली. "ताय, तू नुसती बसायचंस," तो म्हणाला. "हलायचं न्हाय. तू म्हंजे तांदळाची दोन पोती." मी म्हटलं, "मेल्या, याच कडेवर वागवलाय तुला." पण गेले. बोटीत फुकट कोण बसवतं?

किहीमला आमची खानावळ आहे. तिथे जेवायला येणाऱ्या एक मुंबईच्या डॉक्टरीणबाई, साठीच्या आसपासच्या, पांढरे केस बारीक कापलेले. नोकरी सोडून त्यांनी आमच्या माहेरच्या खाडीवर बंगला घेतला आणि एक बोट आणली. भाऊ किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटी चालवायचा. माझ्या ओळखीने तो या बोटीवर लागला. बोटीमागे लाट उठते, त्या लाटेवर बाई पायाखाली फळी घेऊन उभ्या राहणार. आधी दोरीला धरायचं आणि मग दोरी सोडून द्यायची. बोट पुढे, बाई मागे, मध्ये काही नाही. या वयात! पण बाई हट्टी. मला हट्टी माणसं आवडतात.

आपल्याकडे बोट हलकी असावी म्हणून जीव टाकतात, ही बोट मुद्दाम जड करायची. तिच्या पोटात टाक्या होत्या. भाऊ बटण दाबायचा आणि पंप खाडीचं पाणी आत ओढायला लागायचा. घुट घुट घुट असा आवाज यायचा आणि बोट हळूहळू पाण्यात बसायला लागायची. कड खाली खाली येते, आपण त्यात बसलेलो, आणि आपल्याच खुशीने बुडायला निघालो आहोत असं वाटायचं. पहिल्याच दिवशी मी पाय वर घेतले. मी म्हटलं, "अरे, ही खाडी पिते आणि खाडीवरच बसते. बरं नव्हे हे." भाऊ हसला. बाई म्हणाल्या, "ताई, ती जितकी बसेल तितकी लाट उंच."

पण नुसत्या वजनाने भागत नाही, खाली पाणीही खोल लागतं. हे मला लगेच पटलं. खोल पातेल्यात पळी फिरवा, पाणी डोंगरासारखं उठतं. ताटात फिरवा, नुसतं कडेला सांडतं. बोटीचंही तेच. पाणी उथळ असलं की लाट पसरते, लिबलिबीत होते, तळाचा चिखल वर येतो. शिवाय माणूस पडला तर डोकं तळाला आपटायचं. बाई म्हणाल्या, दोन वाव पाणी पाहिजेच, अडीच असेल तर उत्तम. म्हणजे त्या फुटांत म्हणाल्या, भावाने वावात केलं. दोन्ही हात आडवे पसरले की एक वाव. आमच्याकडे समुद्र अजून हातांनीच मोजतात.

आता आमच्या खाडीत अडीच वाव पाणी आहे कुठे? सगळा गाळ. ओहोटीला मासेमारीच्या होड्या जागच्या जागी रुततात. बाहेर समुद्रात पाणी आहे, पण तिथे आधीच लाटा, त्यात बोटीची लाट कोण ओळखणार? भाऊ दोन दिवस फिरला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकच जागा हाय. खांडीचा डोह."

मी हातातलं कालथं खाली ठेवलं.

खांड म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये मातीचा मोठा बांध. बांध फुटून पाणी आत घुसलं, की त्या भगदाडाला खांड म्हणतात. बांधात एका ठिकाणी दगडचुन्याची उघाडी होती, म्हणजे पाण्याचं दार. पावसाचं पाणी शेतात साचलं की ओहोटीला उघाडीच्या फळ्या उपसायच्या, पाणी खाडीत सोडून द्यायचं. भरती लागायच्या आत फळ्या परत खाचेत टाकायच्या. पण लाकूडच ते, पाण्यात वर उचललं जाणार. म्हणून फळ्यांच्या वरून, दोन्ही बाजूंच्या दगडांतल्या भोकांतून, लोखंडी पहार आडवी घालायची. पहार घातली की उघाडी बंद. नुसत्या फळ्या टाकल्या तर ती बंद धरत नसत.

ही पहार गावाची. एका टोकाला लोहाराने कडी वळवलेली. पावसात ती घराघरांतून फिरायची. ज्याच्या दाराशी पहार, त्याची पाळी. पाळी झाली की पुढच्या घराच्या दाराला टेकवून ठेवायची आणि काही न बोलता निघून यायचं. लहानपणी आमच्या दाराशी पहार आली की मी तिच्या कडीत बोट घालून खेळायची आणि आय ओरडायची, "सोड ती, गावाचा जीव हाय त्यात."

पस्तीसेक वर्षं होऊन गेली असतील. श्रावणातली अवस. मी शाळेसाठी माणगावला मामाकडे होते, भाऊ दुपट्यातला. पहार आमच्या दाराशी. पाळी बाची, पण बा तापाने फणफणलेला, म्हणून आय गेली. सकाळच्या ओहोटीला तिने फळ्या उपसल्या हे लोकांनी पाहिलं. मग पाऊस असा आला की अंगणातली तुळस दिसेना. दुपारच्या भरतीला बांध गेला. गावाने तो आवाज ऐकला. सगळे देवळाच्या चौथऱ्यावर चढले, बासुद्धा होता. आणि त्यानंतर, बांध गेल्यानंतर, पावसातून हाक आली.

"अवो!"

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अवो म्हणजे कोणालाही लागू पडणारी हाक. थोड्या वेळाने पुन्हा आली. "अवो!" बाने पाऊल उचललं, त्याची होडी चौथऱ्यालाच बांधलेली होती. पण म्हाताऱ्यांनी त्याला धरला. अवसेची भर दुपार. अशा वेळी हाक आली तर तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये, माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतं, 'ते' असेल तर दोनदाच मारतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. "तिसरी येऊंदे," म्हातारे म्हणाले.

तिसरी आली नाही. आयही मिळाली नाही, पहारही नाही, उघाडीही नाही. सगळं वाहून गेलं म्हणाले.

मग गावाने हिशेब मांडला. बाईमाणूस, घाबरली असणार. फळ्या उघड्याच राहिल्या, भरतीचं पाणी उघाडीतून आत घुसलं, त्याने बांध पोखरला. उघाडीवरची बाई पहिल्याच लोंढ्यात गेली. आणि ती आधीच गेली, तर बांध फुटल्यानंतरची हाक तिची कशी असेल? म्हणजे ते 'ते'च होतं. सगळं कसं व्यवस्थित जुळलं! शेतं खारी झाली, तिवरं माजली, माणसं ट्रकवर गेली, न्हावा शेव्याला कंटेनरवर गेली. आणि प्रत्येकाने जाताना आमच्या आयच्या नावाने थुंकून घेतलं. होळीला गावात घरटी एक नारळ घेतात आणि होळीत टाकतात. आमच्या घरचा नारळ तेव्हापासून घेत नाहीत. कळता झाल्यापासून भाऊ दरवर्षी घेऊन जायचा. नारळ बाजूला ठेवायचे. तो परत आणायचा आणि त्याचं वाटण मी करायची. माझ्या आयचा नारळ त्या होळीत गेलेला मला बघायचा होता. बाकी काही मागणं नव्हतं माझं या गावाकडे.

बा यावर कधी बोलला नाही. "माझ्या बायकोने फळ्या टाकल्या असतील" एवढं वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. तो आता ऐंशीला टेकलाय, भावाकडे असतो. पाऊस लागला की रोज सकाळी दारात येतो, दाराच्या मागे बघतो आणि विचारतो, "पहार कुठं?" भाऊ सांगतो, नाही रे बा आता उघाडी. "मग पाळी?" म्हणतो. "पाळी अजून आपलीच हाय."

तर त्या लोंढ्याने जी माती खरवडून नेली, तिथे डोह झाला. आख्ख्या खाडीत अडीच वाव पाणी आहे ते तिथे. ज्या पाण्याने माझ्या आयला नेलं, त्यानेच बाईंच्या लाटेची सोय करून ठेवली होती. "दुसरी जागा बघ," मी भावाला म्हटलं. तो म्हणाला, "न्हाय ताय दुसरी." दुपट्यातलं पोर होतं ते तेव्हा, त्याला आय आठवतच नाही. त्याच्यावर रागावून काय करणार?

फाल्गुन लागला होता. भर दुपारची भरती, पाणी टम्म, वारा पडलेला. टाक्या भरल्या, बोट बसली, मी डाव्या अंगाला बसले. बोट सावकाश निघाली आणि मागे लाट उभी राहिली. खरं सांगते, मी थक्क झाले. एवढ्या मेल्यासारख्या पाण्यात कमरेएवढी लाट, गुळगुळीत, बोटीच्या मागे मागे चालत येणारी. बाई उठल्या, दोरी सोडली आणि त्या लाटेवर नुसत्या उभ्या राहिल्या. हसत होत्या. मीही हसले.

मग एका जागी ती लाट अडखळली.

बाई मध्यावर होत्या, त्यांना काही कळलं नाही. लाटेची बाहेरची बाजू, किनाऱ्याकडची, एकाएकी फुटली. पांढरी झाली आणि विझली, आणि पाठोपाठ पाण्याखालून आवाज आला. धप्प. जरा थांबून पुन्हा, धप्प. रिकाम्या माठावर पालथी मूठ मारावी तसा. दुसऱ्या फेरीलाही त्याच जागी. तिसऱ्या फेरीलाही. आजूबाजूला अडीच वाव पाणी, लाटेला अडखळायचं कारण काय? उन्हात बसून मला थंडी वाजत होती.

संध्याकाळी भावाकडे गेले तर बा ओट्यावर बसलेला. डोह तिथून दिसत नाही, तिवरं आडवी येतात, पण आवाज पाण्यावरून येतो. बा म्हणाला, "दुपारी कोण हाका मारीत व्हतं?"

"कोणी न्हाय बा."

"दोन आल्या," तो म्हणाला. "थांबून परत दोन आल्या. दोनच येतात."



दुसऱ्या दिवशी मी भावाला फैलावर घेतलं. म्हटलं, "भुताखेताचं मी बोलत नाही, पण तिथे खाली काहीतरी आहे. बाई उद्या तिथे पडल्या तर? तू काय सांगणार त्यांच्या लेकरांना?" हे त्याला पटलं. त्याने बोट बंद ठेवली आणि बाईंना सरळ सांगितलं. बोटीवरचं खोली दाखवणारं यंत्र आमच्या गाळात गोंधळायचं, एका जागी तीन आकडे दाखवायचं. बाई म्हणाल्या, "तुमच्या पद्धतीने बघा. तोवर मी पाण्यात पाय घालत नाही."

आमची पद्धत म्हणजे दोरीला वजन. वजनाच्या बुडाला कपडे धुवायचा साबण फासायचा. तळाला टेकलं की साबणाला तळ चिकटून येतो, चिखल असेल तर चिखल, वाळू असेल तर वाळू. भावाने डोहात दहा ठिकाणी टाकलं, काळा चिखल आला. लाट अडखळत होती तिथे टाकलं. दोरी अर्ध्यातच सैल पडली. वर ओढलं तर साबणाला चिखल नाही. साबण खरवडलेला, आणि त्यात पांढरा कण. भावाने तो बोटाने चुरला. चुना.

खाडीत चुना कुठून येणार? चुन्याने बांधलेली गोष्ट त्या बांधात एकच होती.

"वाहून गेली म्हणतात ना उघाडी?" भाऊ म्हणाला.

"लोक काय, जीभ उचलून टाळ्याला लावतात," मी म्हटलं.

पुनवेच्या भरतीला पाणी जसं खूप चढतं, तसं ओहोटीला खूप उतरतंही. पुनव म्हणजे होळीच. त्या दिवशी संध्याकाळच्या ओहोटीला आम्ही दोघं छोटी होडी घेऊन गेलो. पाणी तिवरांच्या मुळांच्याही खाली गेलेलं. गाळातून बुडबुडे येत होते. एरवी त्या वेळी बगळे असतात, त्या दिवशी एकही नव्हता. मला भीती वाटत होती आणि मी भावाला सांगितलंही, "मला भीती वाटते रे." तो म्हणाला, "मला पन."

उघाडी तिथेच होती. वाहून गेलेली नव्हती. दोन्ही बाजूंची माती गेल्यावर ती जागच्या जागी खाली बसली होती, जरा तिरकी, आणि तिचं डोकं त्या ओहोटीला पाण्याखाली हातभर राहिलं होतं. सगळी कालवांच्या शिंपल्यांनी मढलेली. भाऊ होडी धरून पाण्यात उतरला, दगडांवर उभा राहिला, वाकून चाचपायला लागला. "खाच हाय," म्हणाला. मग, "खाचेत गाळ हाय. गाळात लाकूड लागतंय." मग बराच वेळ नुसता चाचपत राहिला. "ताय, आडवं काय तरी हाय. तू बघ."

मी होडीतून ओणवी झाले, खांद्यापर्यंत हात घातला. कालवांनी तळवा कापला, त्याचंही भान नाही. आडवा लोखंडी दांडा, कालवांनी मांडीएवढा जाड झालेला. मी हात सरकवत टोकापर्यंत नेला. टोकाला कालवांच्या मध्ये एक भोक होतं. मी त्यात बोट घातलं.

कडी होती.

पहार जागेवर होती. दोन्ही दगडांच्या भोकांतून आरपार, फळ्यांच्या वरून, घालायची तशी. आयने फळ्या टाकल्या होत्या, पहार घातली होती, उघाडी बंद केली होती. बांध फुटला तो उघाडीमुळे नाही. तो बाजूला फुटला, दोन्ही बाजूंना.

मी होडीत बसून ढसाढसा रडले. भाऊ पाण्यात उभा राहून ओरडत होता, "आपली आय खोटी न्हवती! आत्ता जातो गावात! आत्ता होळीवर सांगतो!" आनंदाने त्याचा आवाज फाटला होता. मीही म्हणत होते, चल, चल. आणि होडी वळली तेव्हा मी मागे वळून त्या जागेकडे पाहिलं आणि माझं रडणं थांबलं.

बांध दोन्ही बाजूंना फुटला. उघाडी बंद. मग उघाडीवरची बाई पहिल्या लोंढ्यात कशी जाईल? ती तिथेच होती. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, मध्ये ती, पायाखालची उघाडी हळूहळू बसत चाललेली. ती हाक मारणार नाही तर काय करणार? एकदा मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेपर्यंत उघाडी खाली बसली होती.

हाक तिचीच होती. आणि बा चौथऱ्यावर होता, होडी शेजारी.

"गावात सांगू नको," मी म्हटलं.

"येडी झालीस का?"

"बाला कळलं तर तो मरेल रे." आणि भावाला सगळं उलगडून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. आयचं नाव धुवायचं तर बाच्या गळ्याला दोर लागतो. नाही धुवायचं तर आय तशीच. आम्ही घरी आलो.

बा ओट्यावर होता. माझ्या हाताला रक्त बघून म्हणाला, "कालवं लागली? कुठं गेलतीस?" आणि माझी जीभ, जी आयुष्यात कधी अडली नाही, ती अडली. शेवटी भाऊच म्हणाला, "बा, उघाडी सापडली. पहार लावलेली हाय."

बाने मान हलवली. "लावलेलीच असनार," तो म्हणाला. "फळ्या टाकल्याबिगर हाक मारनारी बाय न्हवती ती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या हाकेला ठाऊक झालं. तिचाच गळा व्हता."

"मग?"

"म्हाताऱ्यांनी हात धरला. सोडवता आला असता. पर पान्याला भ्यालो मी," बा म्हणाला. "पान्याला भ्यालो आनि नाव भुताचं घेतलं. मग ते म्हनाले, ती आधीच गेली. मी म्हटलं, व्हय, आधीच गेली."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. बाप आहे. पण बोलले. आमच्या आयला पस्तीस वर्षं गावाच्या शिव्या खाऊ दिल्यास, स्वतःची भीती झाकायला? घरचा नारळ परत येताना बघत होतास आणि त्याच्या वाटणाचं कालवण जेवत होतास? तो ऐकत होता. एकदाही "गप" म्हणाला नाही. माझा दम संपल्यावर उठला, काठी घेतली आणि भावाला म्हणाला, "नारळ घे."

होळी नुकतीच पेटली होती. सगळं गाव जमलेलं, न्हावा शेव्याहून आलेली पोरंही. बा आत शिरला आणि सरळ बोलला. पहार जागेवर हाय, पोरांनी हात लावून बघितली. माझ्या बायकोने उघाडी बंद केलती. हाका तिच्या व्हत्या. मी गेलो न्हाय. बस, एवढंच. ज्यांनी त्याचा हात धरला होता त्यातला एकच म्हातारा उरलाय, तो खुर्चीत बसला होता. त्याने बाच्याकडे बघितलं नाही. विस्तवाकडे बघत राहिला. बाने नारळ भावाच्या हातातून घेतला आणि होळीत टाकला. कोणी अडवलं नाही.

मला वाटलं होतं, त्या वेळी मला बरं वाटेल. बरं वाटलं. पण त्याच्यावरचा राग तसाच होता, आणि तो काठी टेकत बाजूला झाला तशी त्याची दयाही आली.

रात्री निजताना बा म्हणाला, "उद्या मला त्या बोटीत घाल."

धुळवडीची दुपार. भरती टम्म. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं होतं, त्यांनी स्वतः बाला नारिंगी जाकीट घालून दिलं आणि पट्टे आवळले. त्या काठावरच थांबल्या. बा माझ्या शेजारी, डाव्या अंगाला. भावाने टाक्या भरल्या, घुट घुट घुट, आणि बोट बसत गेली. बाने कडेला घट्ट धरलं होतं. पाण्याला तो अजून भीत होता.

बोट डोहावरून गेली. लाट उभी राहिली, त्या जागी अडखळली, पांढरी झाली. धप्प. जरा थांबून, धप्प.

बा हलला नाही. "दोन झाल्या," तो म्हणाला. "परत फिरव."

भावाने बोट वळवली. तीच रेघ, तोच वेग. लाट मागे मागे येत होती. त्या जागी पोचली आणि अडखळली.

धप्प.

बा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला. भाऊ ओरडला, "बा, बस, बोट कलते!" पण बा बसला नाही. त्याने तोंडाशी हात धरला आणि त्या पाण्याकडे बघून, सगळा जीव गोळा करून, ओ दिली.

"ओ! आलो गं! आलो!"

मग तो बसला आणि आम्ही तिघांनी दुसऱ्या आवाजाची वाट बघितली. तो आला नाही. भाऊ म्हणतो, बा उभा राहिला म्हणून भार सरकला आणि लाट बदलली. असेल. भाराचं त्याला कळतं. बाईंनी त्यानंतर दुसरीकडे जागा शोधायला घेतली, आम्ही त्या डोहावर पुन्हा बोट नेली नाही.

यंदा पाऊस लागून महिना झाला. बाने पहार कुठं म्हणून एकदाही विचारलेलं नाही.